अलाइनमेंटनंतरही गाडी डावीकडे ओढते: नेमका दोष कसा शोधावा?

सरळमार्गी

नमस्कार मंडळी,

माझी गाडी छोटी हॅचबॅक असून इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि स्टिअरिंगला विजेच्या मोटारीची मदत, अशी तिची रचना आहे. पुढचे दोन्ही टायर झिजल्यामुळे नवे बसवले आणि त्याच वेळी चारही चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घेतले. तेव्हापासून गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढते. स्टिअरिंग सैल सोडले तर ती झटक्याने वळत नाही, परंतु काही सेकंदांतच लेनची कड गाठते. तिला सरळ ठेवण्यासाठी उजवीकडे सतत हलका जोर द्यावा लागतो आणि लांबच्या प्रवासात खांदा भरून येतो. सरळ जाताना स्टिअरिंगही किंचित उजवीकडे कललेले दिसते.

तक्रार केल्यावर गाडी पुन्हा मशीनवर लावली गेली. सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे ठरलेल्या मुभेत, असल्याचे दाखवून 'अलाइनमेंटमध्ये काही दोष नाही' असे सांगण्यात आले. अहवालातील आकडे अंश आणि मिनिटांत देत आहे. पुढचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; माथा आत झुकला तर उणे) डावीकडे उणे 0°25′ आणि उजवीकडे उणे 0°35′ आहे. कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने पाहता दिसणारा मागेपुढे कल) डावीकडे 3°20′ आणि उजवीकडे 3°30′ आहे. पुढचा टो (वरून पाहता चाकाचे पुढचे टोक आत किंवा बाहेर वळलेले असणे) दोन्ही बाजूंना प्रत्येकी 0°03′ आत आहे. मागचा टो डावीकडे 0°22′ आत आणि उजवीकडे 0°02′ आत आहे. दोष अलाइनमेंटचा नसेल तर तो कोठे शोधावा, आणि कोणत्या क्रमाने?

गेजवाला

सर्वप्रथम, अहवालातील आकडे जसेच्या तसे दिल्याबद्दल आभार. 'सगळे हिरवे आहे' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

तुमच्या वर्णनात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करूया. स्टिअरिंग सोडल्यावर गाडीने स्वतःहून एका बाजूला जाणे ही एक तक्रार, आणि गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग तिरके दिसणे ही दुसरी. पहिलीत हाताला जोर जाणवतो, दुसरीत केवळ डोळ्यांना कोन दिसतो. या दोहोंची कारणे बहुधा निरनिराळी असतात आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. तिसरा एक प्रकार म्हणजे गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते; त्यामागे बहुतेक वेळा टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा), बॉल जॉइंट (गोल सांधा) किंवा बुश (सांध्यातील रबरी अस्तर) यांतील ढिलेपणा असतो. तुमच्या गाडीचे तसे दिसत नाही.

आता मुद्द्याचे. ज्याला आपण सर्रास अलाइनमेंट म्हणतो, ते मॅकफर्सन रचनेच्या बहुतेक गाड्यांत प्रत्यक्षात फक्त पुढचा टो जुळवणे असते. कास्टर बदलण्याची सोय बहुधा नसते आणि कॅम्बर बदलण्याची सोय काही गाड्यांतच असते. पुढची दोन्ही चाके स्टिअरिंग रॅकने एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एका चाकाचा टो जास्त आणि दुसऱ्याचा कमी ठेवला, तरी गाडी धावू लागताच एकूण टो दोन्ही चाकांत समान वाटला जातो. परिणामी स्टिअरिंग तिरके होते, एकूण टो चुकीचा असेल तर टायर झिजतात, परंतु गाडी एका बाजूला ओढत नाही. म्हणून पुढचा टो कितीही वेळा जुळवला तरी ओढ जाईल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. लोक एकाच गाडीचे अलाइनमेंट पुनःपुन्हा करून घेतात आणि ओढ जिथल्या तिथेच राहते, ती यामुळेच.

ओढ निर्माण करू शकतील असे अहवालातील कोन दोन: कॅम्बर आणि कास्टर. त्यातही प्रत्येक बाजूचा स्वतंत्र आकडा महत्त्वाचा नसून दोन बाजूंमधील फरक महत्त्वाचा असतो. ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन, म्हणजेच कमी उणे, त्या बाजूकडे गाडी ओढते. आणि ज्या बाजूचा कास्टर कमी धन, त्या बाजूकडे ओढते. हिरवा रंग या फरकाबद्दल फारसे सांगत नाही. समजा, कॅम्बरची मुभा अधिक-उणे 0°45′ आहे. डावीकडे अधिक 0°40′ आणि उजवीकडे उणे 0°40′ असले तर दोन्ही आकडे हिरवे दिसतील, परंतु फरक 1°20′ होईल आणि गाडी चांगलीच डावीकडे खेचली जाईल.

तुमच्या गाडीत कॅम्बरचा फरक 10 मिनिटे आणि कास्टरचाही 10 मिनिटे आहे. दोन्ही फरक डावीकडे झुकणारे आहेत हे खरे, परंतु साधारणतः 30 मिनिटांच्या आसपास फरक गेल्यावरच ओढ ठळकपणे जाणवू लागते. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेला सततचा जोर एवढ्याशा फरकाने येणे मला पटत नाही.

तिरकस

गेजवाला यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. पुढचे चाक एखाद्या खड्ड्यात जोरात आदळले असेल तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) मागे सरकून कास्टर बिघडतो, आणि 10 मिनिटांचा फरक ही त्याचीच खूण असू शकते. मशीनवर मोजताना चाकाची क्लॅम्प नीट बसली नसेल किंवा रिमच्या वाकडेपणाची भरपाई करण्याची पायरी गाळली असेल, तर छापलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? मी असतो तर आधी कास्टर पुन्हा मोजायला सांगितला असता.

गेजवाला

मोजणीबद्दलची शंका रास्त आहे. टायरमधील हवा समान न करता, मशीनवर घेतल्यावर गाडी दाबून-सोडून सस्पेन्शन स्थिरावू न देता, किंवा फिरत्या तबकड्यांच्या खिळी न काढता घेतलेले आकडे निरुपयोगी असतात. तरीही येथे मला कास्टर हा पहिला संशयित वाटत नाही, कारण काळाचा पुरावा त्याच्या विरोधात आहे. आर्म किंवा स्ट्रट वाकला असता तर जुन्या टायरांवरही गाडी ओढली असती. धागाकर्त्यांनी लिहिल्याप्रमाणे ओढ नेमकी नवे टायर बसवल्यापासून सुरू झाली आहे. त्या दिवशी टो आणि टायर याच दोन गोष्टी बदलल्या, आणि टो ओढ निर्माण करत नाही हे वर आलेच आहे.

अक्षरेखा

आणखी एक सूचना. अहवालाच्या दुसऱ्या पानावर स्टिअरिंग अक्षाचा कल (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा समोरून पाहता आतला कल) आणि सेटबॅक हे आकडे असतात, ते कोणी पाहत नाही. हा कल आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूंना जवळपास सारखी असायला हवी. कॅम्बर आणि बेरीज ही दोन्ही एका बाजूला वेगळी असतील तर स्ट्रट किंवा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकल्याचा संशय घ्यावा. बेरीज सारखी असून कल एकीकडे वाढलेला आणि दुसरीकडे तेवढाच घटलेला असेल, तर इंजिनाखालची सबफ्रेम बाजूला सरकलेली असू शकते. सेटबॅक म्हणजे पुढचे एक चाक दुसऱ्याच्या मागे असणे. धक्क्याचा माग काढायला हे आकडे कास्टरपेक्षा अधिक उपयोगी पडतात. आकडे अंश-मिनिटांत आहेत की दशांशात, हेही नीट पाहावे, कारण 0°30′ म्हणजे अर्धा अंश, तर 0.30 अंश म्हणजे केवळ 18 मिनिटे. दोन केंद्रांचे अहवाल शेजारी ठेवून तुलना करताना अनेकांचा येथेच घोळ होतो.

सरळमार्गी

दुसरे पान पाहिले. कल आणि कॅम्बरची बेरीज दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी आहे आणि सेटबॅक नगण्य आहे. आता घरच्या घरी कोणत्या चाचण्या कराव्यात, ते कृपया क्रमाने सांगावे.

गेजवाला

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून पाहायचे, हे पथ्य पाळले तर फारशी उपकरणे लागणार नाहीत.

आधी हवा. टायर थंड असताना चारही टायरांत कंपनीने सांगितलेला दाब भरा. पुढच्या एका टायरात दाब कमी असेल तर त्याचा रोलिंग रोध वाढून गाडी त्याच बाजूला ओढते.

मग रस्ता. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार दिलेला असतो आणि तो सर्वसाधारणपणे 2 टक्क्यांच्या आसपास असतो. वाहतूक डावीकडून चालत असेल तर निर्दोष गाडीही डाव्या कडेकडे हळूहळू सरकते. उजवीकडून चालत असेल तर उजवीकडे. म्हणून मोकळे, सपाट मैदान मिळाले तर उत्तम. ते नसेल तर मधल्या दुभाजकाकडे उतार असलेली लेन शोधून तेथेही चालवून पाहा. ओढ उताराबरोबर दिशा बदलत असेल तर गाडी ठीक आहे. लेन राखण्यास मदत करणारी यंत्रणा असेल तर ती चाचणीपुरती बंद ठेवा आणि हात स्टिअरिंगपासून दूर नेऊ नका. बोटे सैल सोडली तरी पुरते.

त्यानंतर क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्या. ओढ केवळ ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल आणि सोडल्यावर नाहीशी होत असेल, तर दोन ड्राइव्ह शाफ्टच्या असमान लांबीचा, सैल बुशचा किंवा बसलेल्या इंजिन माउंटिंगचा विचार करावा लागतो. ओढ तशीच राहिली तर हा मार्ग बंद.

ब्रेकचे दोन निराळे दोष असतात आणि त्यांची दिशा उलट असते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकून ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर गाडी त्याच बाजूला सतत ओढते आणि ते चाक तापते. याउलट, एखाद्या बाजूचा ब्रेक लागतच नसेल तर नेहमी काही जाणवत नाही, पण ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या, चांगल्या बाजूकडे खेचली जाते. पहिल्या दोषासाठी शक्य तितका कमी ब्रेक वापरून काही अंतर चालवा आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या उष्णतेची तुलना करा. इन्फ्रारेड तापमापक असेल तर चांगलेच. नसेल तर रिमजवळ हात नेऊन फरक कळतो, पण डिस्कला हात लावू नका. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या असतील किंवा ब्रेकचा रबरी होज आतून फुगून तेल परत येऊ देत नसेल, तरी असाच परिणाम होतो. होजचा दोष बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नवे पॅड बसवूनही लोक कोड्यात पडतात.

शेवटी, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे, पुढची दोन चाके रिमसकट एकमेकांच्या जागी बसवा. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून आणि मागच्या चाकांना अडणी देऊनच जॅक लावा. ओढीने दिशा बदलली किंवा ती नाहीशी झाली, तर दोष टायरमध्ये आहे. काहीच फरक पडला नाही, तर पुढच्या टायरांवरचा संशय बराचसा सुटतो आणि आपण पुन्हा सस्पेन्शनकडे वळू. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अदलाबदल टाळा आणि त्याऐवजी पुढचे चाक त्याच बाजूच्या मागच्या जागी नेऊन पाहा.

निवांत चालक

टायर नवा असूनही सदोष कसा असू शकतो, हे कळले नाही. बॅलन्सिंग केले असेल तर हा दोष तेथेच सापडायला नको का?

अक्षरेखा

साध्या बॅलन्सिंगमध्ये वजनाची असमान वाटणी कळते. टायर जमिनीवर दाबला गेल्यावर कोणत्या दिशेला जोर देतो, हे त्यात कळत नाही. टायरच्या आतील पोलादी पट्टे बनवताना मध्यापासून थोडे जरी सरकले, तरी एक खांदा दुसऱ्यापेक्षा ताठ होतो आणि टायर लोळताना अगदी किंचित शंकूसारखा वागतो. निमुळता पेला आडवा ठेवून ढकलला की तो आपल्या अरुंद तोंडाकडे वळत जातो, तसाच हा प्रकार आहे. डोळ्यांना टायर पूर्ण गोल आणि सरळच दिसतो.

या शंकूपणाचे वैशिष्ट्य असे, की तो टायरच्या ठरावीक बाजूला बांधलेला असतो. चाक डावीकडून उजवीकडे नेले की बाहेरची बाजू बाहेरच राहते, पण गाडीच्या दृष्टीने जोराची दिशा उलटते. म्हणूनच अदलाबदलीची चाचणी काम करते. दोन्ही टायरांत समान शंकूपणा असेल तर दोन्ही बाजूंचे जोर एकमेकांना रद्द करतात आणि काहीच जाणवत नाही. ओढ येते ती दोहोंतील फरकामुळे. टायरमध्ये दुसराही एक बाजूचा जोर असतो, जो पट्ट्यांच्या तारांच्या कोनामुळे येतो. तो मात्र फिरण्याच्या दिशेशी बांधलेला असतो आणि अदलाबदलीने बदलत नाही.

पाना नंबर तेरा

चाके काढणारच आहात तर दोन्ही टायरांच्या भिंतीवरचा मजकूर वाचा. असमान नक्षीच्या टायरवर बाहेर ठेवायची बाजू छापलेली असते आणि घाईत एखादा टायर रिमवर उलटा बसवलेला मी पाहिला आहे. उत्पादनाचे चार आकडेही पाहा. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. परत बसवताना नट ताऱ्याच्या क्रमाने, ठरवून दिलेल्या टॉर्कने आवळा आणि थोडे चालवल्यावर पुन्हा तपासा.

सरळमार्गी

सर्व चाचण्या सांगितलेल्या क्रमाने केल्या. हवा समान होती. उलट उताराच्या लेनमध्ये ओढ थोडी कमी झाली, पण डावीकडेच राहिली. क्लच दाबल्यावर काही फरक नाही. दोन्ही पुढची चाके सारखीच कोमट होती. टायर असमान नक्षीचे आहेत, त्यांवर बाण नाही आणि दोन्ही योग्य बाजूने बसवलेले आहेत.

चाकांची अदलाबदल करताच गाडी उजवीकडे ओढू लागली! फक्त एक गोष्ट खटकते. उजवीकडची ओढ आधीच्या डाव्या ओढीपेक्षा सौम्य आहे. दोष पूर्णपणे टायरचा असता तर जोर दोन्हीकडे सारखाच यायला नको होता का?

गेजवाला

उत्तम निरीक्षण आहे. कॅम्बर आणि कास्टर यांचे ते 10-10 मिनिटांचे फरक कायम डावीकडेच झुकतात, आणि डाव्या उताराच्या रस्त्यावर उतारही त्यांना साथ देतो. पूर्वी टायरचा जोर आणि हा लहान कल एकाच दिशेने काम करत होते. आता टायर एका दिशेला आणि कल दुसऱ्या दिशेला आहे. बेरजेच्या जागी वजाबाकी झाली, म्हणून ओढ सौम्य वाटते. मुख्य दोषी टायरच.

आता ही नवी चाके त्याच त्याच बाजूला मागे न्या आणि मागची पुढे आणा. मागची चाके स्टिअरिंगला जोडलेली नसल्यामुळे तेथे शंकूपणाचा जोर हाताला जाणवत नाही.

तिरकस

टायरचा मुद्दा मी मान्य करतो. पण मग कॅम्बर थोडा बदलून ही ओढ मारून टाकता येणार नाही का? काही गाड्यांत स्ट्रटचा बोल्ट बदलून तेवढे करता येते.

अक्षरेखा

करता येते, आणि काही ठिकाणी करतातही, परंतु तो उपाय मला मुळीच पसंत नाही. टायरचा दोष झाकण्यासाठी निर्दोष कोन बिघडवला, तर पुढे टायर बदलले किंवा फिरवले की तीच गाडी उलट बाजूला ओढू लागेल आणि तेव्हा खरे कारण कोणालाच आठवणार नाही. शिवाय कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणजे पुन्हा मशीन आलेच.

सरळमार्गी

चाके पुढे-मागे केली आणि ओढ गेली. सपाट जागी गाडी हात सैल सोडूनही सरळ जाते. स्टिअरिंग मात्र अजूनही थोडे उजवीकडे कललेले आहे. विजेच्या स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्यबिंदू चुकला असेल का?

तिरकस

सेन्सरच्या आधी तुमचा मागचा टो पाहा. पहिल्याच संदेशात तो मला खटकला होता. डावे मागचे चाक 22 मिनिटे आत, म्हणजे उजवीकडे पाहते. उजवे 2 मिनिटे आत, म्हणजे डावीकडे पाहते. फरकाचा निम्मा, म्हणजे 10 मिनिटे, हा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागच्या चाकांच्या एकत्रित दिशेचा (थ्रस्ट रेषेचा) गाडीच्या मध्यरेषेशी होणारा कोन, झाला आणि तो उजवीकडे आहे. मागचा ॲक्सल गाडीची शेपूट उजवीकडे ढकलतो, त्यामुळे सरळ जाण्यासाठी पुढची चाकेही गाडीच्या मध्यरेषेपेक्षा 10 मिनिटे उजवीकडे ठेवावी लागतात. स्टिअरिंगचे गुणोत्तर 15 ला 1 धरले तर चक्रावर तो कोन 150 मिनिटांचा, म्हणजे अडीच अंशांचा होतो. तुम्हाला दिसणारा कल साधारण एवढाच आहे का?

सरळमार्गी

होय, जवळपास एवढाच असावा.

गेजवाला

तिरकस यांचा हिशेब बरोबर आहे. टॉर्शन बीमचा मागचा टो बहुतेक गाड्यांत बदलता येत नाही. काहींत हबमागे पातळ शिम (पत्र्याची चकती) घालून तो सुधारता येतो, परंतु तुमचे आकडे मुभेत असल्यामुळे तेवढा खटाटोप करू नये. पुढचा टो गाडीच्या मध्यरेषेऐवजी थ्रस्ट रेषेच्या संदर्भाने जुळवून मागा. स्टिअरिंग सरळ कुलूपबंद करून दोन्ही टाय रॉड सारख्याच प्रमाणात, पण विरुद्ध दिशेने फिरवले की एकूण टो न बदलता चक्र सरळ होते. त्यानंतर स्कॅनरवर स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचा आकडा पाहायला सांगा. सरळ जाताना तो शून्याजवळ नसेल तर शून्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो, कारण गाडीची घसरण रोखणारी यंत्रणाही याच आकड्यावर चालते.

निवांत चालक

माझ्या गाडीचा प्रकार थोडा वेगळा आहे. ती उजव्या वळणानंतर उजवीकडे आणि डाव्या वळणानंतर डावीकडे ओढते. हेही टायरमुळेच होते का?

अक्षरेखा

नाही. शेवटच्या वळणाची दिशा धरून ठेवणे याचा अर्थ स्टिअरिंग कोठेतरी अडकून परत येत नाही. स्ट्रटच्या वरचे बेअरिंग गंजलेले असणे, टाय रॉड किंवा बॉल जॉइंट घट्ट होणे, स्टिअरिंग स्तंभाचा सांधा सुकणे, किंवा लोअर आर्मचे रबर बुश गाडी जॅकवर लटकत असताना आवळले जाणे, यांपैकी काहीतरी असते. शेवटच्या प्रकारात रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते. बोल्ट सैल करून, गाडीचे वजन चाकांवर देऊन पुन्हा आवळले की ते सुटते. स्टिअरिंगची मदत स्वतःच एका बाजूला ढकलत आहे का, हे पाहायचे असेल तर पुढची चाके सुरक्षितपणे उचलून, स्टँडवर ठेवून इंजिन सुरू करा. हात न लावता स्टिअरिंग फिरू लागले तर दोष तेथे आहे. अलीकडे काही सस्पेन्शनचे काम झाले होते का, ते कृपया लिहा.

निवांत चालक

होय, दोन्ही लोअर आर्म नुकतेच बदलले आहेत. बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळले, ते विचारून सांगतो.

सरळमार्गी

थ्रस्ट रेषेच्या संदर्भाने टो जुळवून घेतला आणि स्टिअरिंग आता सरळ आहे. सेन्सरचा आकडाही शून्याजवळच निघाला. शेवटचा प्रश्न: मागे नेलेले टायर पुढे कधीतरी फिरवावे लागतील, तेव्हा काय करावे? नवे असल्यामुळे ते विक्रेत्याकडे परत नेता येतील का?

गेजवाला

हमीत बसतात का, ते विक्रेत्यालाच विचारा, पण जाताना अदलाबदलीचा निकाल लिहून न्या आणि रोलर दाबून टायरचा बाजूचा जोर मोजणारे बॅलन्सिंग मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून दोन्ही टायर मोजून घ्या. दोनपैकी नेमका कोणता सदोष आहे ते त्यातच ठरेल. टायर परत गेले नाहीत, तर त्यांच्या आतल्या भिंतीवर खडूने खूण करून ठेवा आणि ते झिजेपर्यंत मागेच वापरा.